पडद्यावरचा वर्ग

“बाई, आमची कधी येणार?” अंधारात वाकून इस्त्रीवाल्याने पुन्हा विचारलं.

“येईल. आता येईलच,” बाई म्हणाल्या. पण सिनेमा अर्ध्याच्या पुढे सरकला होता आणि त्यांचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

शेजारी तो, त्याच्या पलीकडे त्याची बायको. तो लाँड्रीत कामाला होता. अंगावरच्या शर्टाला एक सुरकुती असेल तर शपथ. लग्नाला निघाल्यासारखी दोघं आवरून आली होती, आणि आली होती गेलेल्या पोरीला बघायला.

बाईंच्या वर्गात चहूकडून येऊन शहरात राहिलेल्यांची पोरं. घरी बोलायच्या भाषा डझनभर, भांडायची मात्र एकच. एक तरुण दिग्दर्शक वर्षभर कॅमेरा घेऊन मागच्या भिंतीला चिकटून बसला होता. पोरं आधी कॅमेऱ्याला वाकुल्या दाखवत. मग कपाटासारखी त्याला विसरून गेली. त्याच वर्षी खिडकीजवळ इस्त्रीवाल्याची मुलगी बसायची. नवी भाषा ओठांतल्या ओठांत घोळवायची, म्हणून बाईंनी तिचं नाव ठेवलं पुटपुटी. सुट्टीत ताप डोक्यात गेला आणि बघता बघता पोर हातची गेली.

घरात तिचे चार फोटो, तेही श्वास रोखून काढलेले. चालती-बोलती ती फक्त या सिनेमात असणार होती. बाईंनीच आपण होऊन निरोप धाडला होता, “नक्की या. ती पहिल्यांदा उभी राहून बोलली, तेव्हा कॅमेरा समोरच होता.”

पडद्यावरच्या बाई भलत्याच थोर होत्या. खुर्ची फेकणारा दांडगा मुलगा त्यांच्या एका वाक्यात विरघळत होता आणि मागे व्हायोलिन वाजत होतं. खऱ्या बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी त्या मुलाला वर्गाबाहेर काढलं होतं आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्यांचे फसलेले तास, त्यांना कधीच न उमगलेली मुलं, सगळं धान्यातल्या खड्यांसारखं वेचून टाकलेलं होतं.

मग तो दिवस आला. स्वतःच्या अंगावरचा हिरवा स्वेटर बाईंनी ओळखला. फळ्यावर विषय होता, ‘मी शाळेत कशी येते’. कॅमेरा बाकांवरून सरकत खिडकीकडे निघाला.

“आता बघा,” बाई कुजबुजल्या.

इस्त्रीवाल्याच्या बायकोने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाकाच्या कडेला एक कोपर दिसलं, आणि पडद्यावर एकदम शाळेचं पटांगण आलं.

त्यानंतर ती आलीच नाही.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दिग्दर्शक धावत आला. “मॅडम, स्टेजवर चला, सगळे वाट बघताहेत.”

बाईंनी त्याला रांगेच्या टोकालाच अडवलं. “माझी पुटपुटी कुठे आहे रे?”

त्याचा चेहरा पडला. “होती, मॅडम. शेवटपर्यंत होती. पण तिला दाखवलं, तर ती गेली हेही सांगावं लागलं असतं. शेवट उमेदीचा हवा होता.”

“मग तेवढा तुकडा यांना दे. मी दुसरं काही मागत नाही.”

“तो राहिला नाही. न वापरलेलं सगळं पुसून टाकलं आम्ही.” त्याने मान खाली घातली. “मला सुचलंच नाही, मॅडम.”

स्टेजवर बाईंचा पुकारा होत होता. त्या गेल्या नाहीत. पण मागे वळून या दोघांना तरी काय तोंड दाखवायचं?

इस्त्रीवालाच बोलला. “तो कोपर होता ना, बाई? तो तिचाच. आम्ही ओळखला. पुष्कळ झाला.”

बाई परत आपल्या खुर्चीत बसल्या. लोक पांगेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी ती काय बोलली ते सांगते. तिच्याच शब्दांत.”

त्या उठल्या. पुटपुटी उभी राहिली होती तशाच, हात पुढे टेकून.

“‘मी बाबाबरोबर येतो. बाबाचा हात नाही धरतो. हात इस्त्रीने भाजला असतो, दुखेल. म्हणून मी मनगट धरतो.’ एवढं बोलली आणि खाली बसली.”

इस्त्रीवाल्याच्या बायकोला ही भाषा येत नव्हती. ती त्याची बाही ओढू लागली.

“मला वाटायचा,” तो बाईंना म्हणाला, “पोरगी मोठी झाली. सगळ्यांच्या समोर बापाचा हात धरायला लाजते.”

मग तो बायकोकडे वळून आपल्या भाषेत सांगू लागला. वाक्यं तीन-चारच, पण त्याला फार वेळ लागला. मध्येच थांबे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. बाईंना एक शब्दही कळत नव्हता. त्या उभ्याच राहिल्या. सफाईवाली झाडू घेऊन दारात आली, तिने तिघांकडे पाहिलं आणि दार हलकेच ओढून घेऊन ती बाहेर थांबली.