खंडेनवमीला पूजलेला पासपोर्ट

मित्रांनो, आधी हात पुसून या. मी एक रद्द झालेला पासपोर्ट आहे. माझा एक कोपरा कात्रीने कापला आहे आणि माझी अकरा पानं एकमेकांना कायमची चिकटली आहेत. तरीही हात पुसून या. ज्या माणसाने माझी ही दशा केली, त्याचे हात अगदी स्वच्छ होते. आंघोळ करून, सोवळं नेसून आला होता तो!

माझं आयुष्य दहा वर्षांचं ठरलं होतं. तसं माझ्या पहिल्या पानावर छापलंच होतं. दोन वर्षांत आटोपलं.

माझा जन्म नाशिकच्या छापखान्यातला. गडद निळं कव्हर, त्यावर सोनेरी सिंह, आत छत्तीस पानं आणि मधोमध पक्की शिवण. दुकानात मिळणारी वही नव्हे मी, हे लक्षात असू द्या. देशाच्या वेशीवर माणसाच्या आधी मला विचारतात. छापखान्यात आम्ही थप्पीने पडून असायचो, तेव्हा जो तो आपली स्वप्नं सांगायचा. कुणाला लंडनचा शिक्का हवा होता, कुणाला जपानचा. मला कुठलाही चालला असता. एकच मागणं होतं, की एक तरी शिक्का बसावा.

मी आलो इंदूरला, शोभना पंढरीनाथ फणसे या बाईंच्या नावावर. राऊमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं दार उघडून तिने पोस्टमनकडून मला घेतलं, पदराने पुसलं आणि फोटो बघून म्हणाली, "अरे देवा, केवढी घाबरलेली दिसते मी!" मला ती तिथेच आवडली.

तिच्या नवऱ्याला मात्र हसू आलं. पंढरीनाथ म्हणाला, "पासपोर्ट? तू? हातोदला माहेरी जातेस तर बस चुकते तुझी. आणि म्हणे पासपोर्ट!"

या माणसाची ओळख करून देतो. कुणी दौलतराव फणसे होळकरांच्या फौजेत होते, त्यांची तलवार याच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगलेली असते. दौलतरावांनी ती रणात चालवली. पंढरीनाथाने तीस वर्षं एका कचेरीत लाल पेन्सिल चालवली. लोकांचे कागद तपासायचे हे त्याचं काम. शाई पसरली, डाग पडला, कोपरा दुमडला, की खाली लाल रेघ आणि कागद परत. समोरचा माणूस रडकुंडीला आला तर म्हणायचा, "मी काय करणार? नियम आहे." निवृत्त झाला तरी पेन्सिल खिशातच राहिली. वर्तमानपत्रातल्या चुकांनासुद्धा लाल रेघा मारतो मेला. हो, मेला म्हणतोय मी. मला कोण अडवणार आता?

त्यांची एकुलती एक मुलगी स्वानंदी. शारजाला नोकरी करते. तिने रजत नावाच्या मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केलं, त्या दिवशी पंढरीनाथाने भाऊबंदांसमोर सांगून टाकलं, की आमची मुलगी मेली. तेव्हापासून तो संध्याकाळी फिरायला बाहेर पडला, की शोभना लेकीला फोन लावायची. वीस मिनिटं, रोज. लिफ्टचा आवाज आला की बंद.

एकदा स्वानंदीचं पाचव्या महिन्यातलं बाळ गेलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, इथे मला धरायला कुणी नव्हतं गं." शोभनाने न्हाणीघरात नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. बाहेर येऊन पुन्हा फोन लावला आणि लेकीला म्हणाली, "पुढच्या वेळी मी येईन. आकाश कोसळलं तरी येईन." दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी अर्ज केला. म्हणजे मित्रांनो, मी जन्मलो तोच एका आईच्या शब्दापोटी. मला त्याचा फार अभिमान होता.

दीड वर्ष मी तिच्या पैठणीच्या घडीत सुखाने पडून होतो. मग स्वानंदीला पुन्हा दिवस गेले. रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. शोभनाने धीर गोळा करून नवऱ्याला विचारलं. मला वाटलं, आता हा तलवारच उपसणार. पण तो शांतपणे म्हणाला, "जा ना. मी कुठे अडवलंय?"

ती वेडी आनंदाने रडली. मी मात्र सावध झालो. असल्या माणसांना 'नाही' म्हणायचंच नसतं. लग्नावरचा राग भाऊबंदांना चालला होता, पण झोपून असलेल्या लेकीच्या बाळंतपणाला बायकोला पाठवत नाही म्हटलं असतं, तर भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्याला ते 'नाही' दुसऱ्या कुणाकडून तरी म्हणवून घ्यायचं होतं.

पलासिया भागातल्या एका एजंटाकडे मला नेलं. त्याने माझ्या पानांचे फोटो काढले आणि म्हणाला, "काकूजी, टेन्शन नका घेऊ, आठ दिवसांत व्हिसा येऊन जाईल." व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाने दिलेली येण्याची परवानगी, मित्रांनो. पूर्वी ती आमच्या पानावर चिकटवत. आता ती फोनवर येते, आणि ती खरंच आठ दिवसांत आली. सोबत एजंटाने नियमांची छापील यादी दिली. ती इंग्रजीत होती आणि शोभना आठवीपर्यंत शिकलेली. तिने ती नवऱ्याला वाचायला दिली.

मी तिथेच टेबलावर होतो. त्याने चष्मा लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागला. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. परतीचं तिकीट हवं. विमा हवा. जिथे राहणार तिथला पत्ता हवा. शोभना बोटांवर मोजत होती. आठ ओळी झाल्या. नववी ओळ त्याने मनातच वाचली. नववीत लिहिलं होतं, की पासपोर्ट भिजलेला, फाटलेला किंवा डागाळलेला असल्यास प्रवास करता येणार नाही. त्याने खिशातून पेन्सिल काढली, त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि कागदाची घडी करून म्हणाला, "बस, एवढंच."

मला तोंड नाही, मित्रांनो. त्या दिवशी असतं तर मी चावलो असतो.

विमान दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. खंडेनवमीला फणश्यांकडे शस्त्रपूजा असते. तलवार उतरवतात, पाटावर ठेवतात आणि तिला हळदकुंकू वाहतात. घरातली सुरी, कात्री, स्क्रू पिळायचा पेचकससुद्धा पाटावर येतात. त्या सकाळी पंढरीनाथाने बायकोला हाक मारली, "शोभना, तुझा पासपोर्ट पण आण. मोठ्या कामाला निघालाय, त्याचीही पूजा व्हायला हवी."

लेकीच्या लग्नानंतरच्या सात वर्षांत त्याने पहिल्यांदा तिच्या नावाने देवापुढे काही ठेवलं होतं. तिने मला दोन्ही हातांनी आणून पाटावर ठेवलं आणि त्याला वाकून नमस्कार केला. मग ती नैवेद्य आणायला आत गेली.

त्याने मला मधोमध उघडलं. कुंकवात पाणी कालवलं, भरपूर, आमटीसारखं. अंगठा बुडवून माझ्या कोऱ्या पानांवर मोठं स्वस्तिक काढलं. ते शिवणीत उतरलं. मग फोटोचं पान उघडलं, वरच्या पारदर्शक पापुद्र्याची कड नखाने उचलली आणि आत कुंकवाचं पाणी सोडलं. त्याला घाई नव्हती. नंतर मला मिटून तलवारीच्या मुठीखाली दाबून ठेवलं. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मी तिथे होतो. माझी पानं गच्च होत गेली आणि शोभनाचा घाबरलेला फोटो लाल होत गेला.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर तिने मला उचललं आणि ती पानं सोडवू लागली. "अहो, हे काय झालं? हे चालेल ना तिथे?" ती ओल्या फडक्याने पुसायला लागली.

"आशीर्वाद पुसतेस?" तो म्हणाला. "कुंकवाला डाग म्हणतेस? सवाष्ण बाई आहेस ना तू?"

तिने फडकं खाली ठेवलं.

विमानतळावर तो तिला सोडायला आला. आत खिडकीवरच्या मुलीने मला उघडायचा प्रयत्न केला. पानं फाटल्यासारखी करकरली. ती म्हणाली, "माताजी, ये तो पूरा डॅमेज है. इस पे नहीं जा सकते."

"बेटा, कुमकुम है. पूजा का है. मेरे पति ने अपने हाथ से लगाया है."

"समझती हूँ माताजी. पर वहाँ उतरते ही आपको वापस भेज देंगे."

शोभनाने हात जोडले. मग डिंकाचे लाडू भरलेला डबा काढून दाखवला, जणू डबा बघून कुणी विमानात बसू देईल. मागची रांग चुळबुळत होती. मुलीने मला परत तिच्या हातात ठेवलं. जिथे माझा पहिला शिक्का बसायचा होता, तिथून मी असा परतलो.

बाहेर पंढरीनाथ उभा होता. टॅक्सी त्याने सोडलीच नव्हती. "काय झालं?" असंही त्याने विचारलं नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "डिकी खोलो भिया."

तिने टॅक्सीतूनच लेकीला फोन लावला, पहिल्यांदाच नवऱ्यासमोर. स्वानंदीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुंकू कुणी लावलं?"

"बाबांनी गं. इतक्या मायेने लावलं, की काय सांगू."

"आई, ज्या माणसाने तीस वर्षं एकेका डागासाठी लोकांना परत पाठवलं, त्याला हे माहीत नव्हतं?"

"असं बोलू नये वडिलांबद्दल."

"मग त्यांच्याजवळच राहा तू," स्वानंदी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पंढरीनाथ खिडकीतून बाहेर बघत होता.

तिसऱ्या दिवशी तिकडे स्वानंदीचं ऑपरेशन झालं. रजत दाराबाहेर होता आणि आत ती पुन्हा एकटी. शोभनाच्या फोनवर एक ओळ आली, मुलगा झाला, दोघं ठीक. फोटो नव्हता. नंतरही आला नाही. ती रोज संध्याकाळी फोन लावायची, तो वाजून वाजून बंद व्हायचा. लाडू मुंग्यांनी खाल्ले.

पुढे काही महिन्यांनी तिने खालच्या मजल्यावरच्या पलकला गाठलं. पलक बँकेत काम करते आणि मराठीत हिंदी घोळून बोलते. नवा पासपोर्ट मिळवायला तिने अर्ज भरून दिला. तेव्हाच माझा कोपरा कापला आणि माझ्यावर 'रद्द' असा ठसा मारला. हा माझा पहिला आणि शेवटचा शिक्का, मित्रांनो. नवा पासपोर्ट आला आणि पलक शोभनाने जपून ठेवलेली एजंटाची जुनी यादी वाचायला बसली. आठ झाल्या आणि तिने नववी वाचली.

"नववी?" शोभना म्हणाली. "आठच होत्या ना?"

"नऊ आहेत काकूजी. आणि हे बघा ना, या नवव्या ओळीलाच कोणीतरी लाल पेन्सिल लावली आहे. मतलब खास लक्षात राहावं म्हणून."

शोभनाने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग तिला विमानतळाबाहेर थांबवून ठेवलेली टॅक्सी आठवली असणार, कारण ती म्हणाली, "डिकी." एवढंच. घरी येऊन तिने लेकीला लिहून पाठवलं, 'तू खरं बोललीस. मी आंधळी होते.' चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं, 'ये. पण बाबांचा हात लागलेलं काही आणू नकोस.' नवा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं जायच्या दिवसापर्यंत पलकच्या कपाटातच राहिलं.

पुन्हा खंडेनवमी आली. चार चुलत दीर, जावा, सगळे जमले. पाटावर तलवार ठेवली होती. पंढरीनाथाने कुंकवाची वाटी घेतली, तेवढ्यात शोभना बाहेरच्या साडीत आली. तिने मला तलवारीशेजारी ठेवलं, फोटोचं पान उघडून.

धाकट्या दिराने विचारलं, "वहिनी, हे काय?"

"फणश्यांचं नवं शस्त्र आहे भावजी," ती म्हणाली. "दौलतरावांची तलवार शत्रूवर चालली. हे तुमच्या दादांनी पोटच्या पोरीवर चालवलं." मग तिने ती यादी पाटावर मांडली, लाल रेघ वर करून, आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. जावांनी तोंडाला पदर लावले.

"शोभना, मी... नियमच तसा—" तो म्हणाला.

"हो ना. नियमच आहे, शस्त्राची पूजा व्हायला हवी. लावा कुंकू. आता कितीही लावा." तिने बॅग उचलली. "पुढच्या वर्षीही लावा. मी असेन नसेन."

दार लागलं. लिफ्टचा आवाज खाली गेला. सगळे भाऊबंद त्याच्याकडे बघत होते. त्याने अंगठा कुंकवात बुडवला. शेवटी त्याने तो माझ्यावर टेकवला, आणि धाकटा भाऊ आरतीला न थांबता उठून गेला.

शारजात तिला बघून नातू किंचाळून रडला म्हणे. अकरा महिन्यांचा तो, त्याला ही बाई कुठून ओळखीची असणार? तिने हे पलकला फोनवर सांगितलं. सांगताना ती रडली का हसली, ते पलकलाही कळलं नाही.

मी अजून तलवारीशेजारीच असतो. मला फेकायची पंढरीनाथाची छाती होत नाही. भाऊबंद आले की आधी माझ्याकडे बघतात आणि मग त्याच्याकडे. तेव्हा मित्रांनो, आपला पासपोर्ट जपा. पाणी, तेल, चहा, हळदकुंकू यांपासून लांब ठेवा. मुदत वेळेवर तपासा. आणि कुणी फार मायेने तुमचा कागद मागितला, तर तो देण्याआधी यादी स्वतः वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत.