नकाशाबाहेरचे चार पत्रे

“बेचाळीस,” सोनबा म्हणाला.

गच्चीवर उभ्या असलेल्या राजनंदिनीनं तरीही मोजले. बेचाळीसच निघाले. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे सुरक्षितपणे काढून देणाऱ्या कंपनीची ती इंजिनिअर. कुणाच्या आठवणीवर विसंबायचं नाही, ही तिची शिस्त. तुम्हाला आकडा कसा पाठ, असं तिनं विचारलं. सोनबानं सांगितलं, की सदतीस वर्षांपूर्वी हे पत्रे त्यानंच इथं करवतीनं कापून बसवले होते. तेव्हा तोंडाला काय बांधलं होतं, असं तिनं विचारल्यावर तो बुचकळ्यात पडला. तोंडात तंबाखू होती, एवढं त्याला आठवत होतं.

बिबवेवाडीतल्या या सोसायटीत सोनबा आधी पत्रे बसवायला आला आणि पुढं शिडी चढताना दम लागायला लागला, तेव्हा वॉचमन म्हणून परत आला. डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिला होता आणि मग फक्त ‘काम काय करत होतात’ एवढंच विचारलं होतं. फाटकाजवळच्या चौकीत तो आणि त्याची बायको मथुराबाई राहत. चौकीवर चार पत्रे होते, गच्चीचे उरलेले. मागल्या वर्षी नारळ पडून त्यातला एक तडकला. तेव्हापासून मथुराबाईंच्या परातीत, मळायला घेतलेल्या पिठावर करडा भुरा पडायचा. या उन्हाळ्यात त्या खोकायला लागल्या. सोनबाला तो खोकला लगेच ओळखू आला. घरचाच होता.

पत्र्यांत विष असतं हे सोसायटीला व्हॉट्सॲपवरून कळलं. लिफ्टचा प्रश्न जिथं नऊ वर्षं चर्चेत होता, तिथं हा ठराव अर्ध्या तासात मंजूर झाला. एक भंगारवाला घण घालून पत्रे फुकट उतरवायला तयार होता. पण सेक्रेटरी आमोदराव उभे राहिले आणि म्हणाले, की पोराबाळांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, तज्ज्ञच बोलवायचे. आमोदराव निवृत्त प्राध्यापक. त्यांचं बरोबरच होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असे.

गच्चीवरून खाली आल्यावर राजनंदिनीनं चौकीकडं बोट केलं.

“हे चार यादीत नाहीत, सर.”

“चौकी मंजूर नकाशात नाही,” आमोदराव म्हणाले. “यादीत घातली, की कागदावर उभी राहिली. कागदावर उभी राहिली, की पाडावी लागणार. म्हणजे सोनबांच्याच डोक्यावरचं छप्पर गेलं. मी त्यांचाच विचार करतोय.”

सोनबा शेजारीच होता. आपला विचार चाललाय म्हटल्यावर त्यानं टोपी काढून हातात घेतली.

“पण चौकी समोर दिसतेय.”

“दिसतं ते सगळं नकाशात असतंच असं नाही, मॅडम.”

यादीत नसलेल्या पत्र्याला तिची माणसं हात लावू शकत नव्हती. तिनं दोनदा लेखी कळवलं. आमोदरावांनी दोन्ही पत्रं व्यवस्थित फाइलला लावली.

सोनबा आयुष्यात फारसं काही मागायला गेला नव्हता. काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी चपला जिन्यातच ठेवून तो आमोदरावांच्या दारात उभा राहिला.

“सायेब, माझं ऱ्हाऊ द्या. माझं काय व्हायचं ते झालंय. हिच्यापायी तेवढे चार काढा. आमी वर ताडपत्री टाकून ऱ्हातो.”

“अहो सोनबा, ताडपत्री म्हणजे रस्त्यावरून झोपडी दिसणार. शोभतं का सोसायटीला?”

मग, माणूस रिकाम्या हातानं परत जाऊ नये म्हणून, त्यांनी आतून गुळाचा खडा आणून दिला. धुळीवर गूळ उत्तम, असंही सांगितलं. सोनबानं तो खडा मथुराबाईंना दिला.

काम दोन दिवस चाललं. कुणी लेकीकडं गेलं, कुणी लोणावळ्याला. राजनंदिनीनं सोनबा आणि मथुराबाईंना रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवलं. फाटकाला लाल-पांढरी पट्टी लागली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसं पत्र्यांवर पाणी मारत होती, सोनबानं आवळलेले हुक हळूच सोडवत होती. एकेक पत्रा चौघं मिळून, बाळंतिणीला उतरवावं तसा, खाली आणत. मग दुहेरी प्लॅस्टिक, वर धोक्याची चिठ्ठी, आणि बंद ट्रक. बसवताना सोनबा एका वेळी दोन पत्रे डोक्यावरून न्यायचा.

निघताना राजनंदिनीनं त्याच्या हातात एक मास्क ठेवला. एकच उरला होता. “काका, त्या पत्र्यांना हात लावू नका. लावायची वेळ आलीच तर आधी पाणी मारा. झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.” बोलताना ती त्याच्याकडं बघत नव्हती.

आठवड्यानं पाटी आली. निळ्या अक्षरांत, ‘ॲस्बेस्टॉसमुक्त सोसायटी’. ती रस्त्यावरून दिसायला हवी होती. कंपाउंडला नवा रंग दिलेला, तिथं खिळा नको. आमोदरावांनी जागा नक्की केली: चौकीच्या पत्र्याची पुढची कड. सोनबानं दोन भोकं पाडायची, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबानं टपरीमागं पडलेला पट्टीचा तुकडा आणला आणि फाटकाला आडवा बांधला. मथुराबाईंच्या तोंडावर मास्क चढवला, नाकापाशी नीट दाबला आणि त्यांना रस्त्यापलीकडं पाठवलं. स्वतः टॉवेल ओला करून बांधला. पत्र्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि तो स्टुलावर चढला.

आमोदरावांची गाडी पट्टीपाशी येऊन थांबली. त्यांनी काच खाली केली.

“हे काय, सोनबा?”

“काम चालू हाय, सायेब. काच वर घ्या.”

“किती वेळ?”

“कसं सांगावं? हे काम नकाशात न्हाई.”

काच वर गेली. सोनबानं दोन भोकं पाडायला पाऊण तास लावला. जन्मात त्यानं एवढ्या हळू भोक पाडलं नव्हतं. मधे चार वेळा स्टुलावरून उतरून तो भिंतीला धरून खोकला. काचेआड आमोदराव घड्याळ बघत होते.

पाटी मात्र सरळ लागली. त्याच्या हातून वाकडं कधी काही लागलं नव्हतं.

मथुराबाई परत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय वो?”

“सोसायटीचं नाव.”

त्यानं ओल्या फडक्यानं सगळं पुसलं, फडकं दुधाच्या पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ मारली. ती कुठं टाकायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ती खाटेखाली सरकवली.

मथुराबाईंनी मास्क साबण लावून स्वच्छ धुतला, दोनदा झटकला आणि आत, तडकलेल्या पत्र्याखालच्या दोरीवर वाळत घातला.