चकजवळची झीज

"साडूभाऊ, तुम्ही बोट ठेवाल तोच लेथ घ्यायचा," जुन्या यंत्रांच्या गोदामात शिरता शिरता साडूंनी जाहीर करून टाकलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

हीच तर माझी पोटदुखी होती. बत्तीस वर्षं मी कारखान्यात लेथवर लोखंड कातत टर्नर म्हणून राबलो, पण स्वतःचा लेथ घेण्याची ऐपत कधी आली नाही. आणि जन्मभर पंख्याखाली बसून फायलींवर सह्या केलेले साडू आता निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून लेथ घेणार होते! माझी बायको आठवडाभर बहिणीच्या नवऱ्याचे गोडवे गात होती. "या वयात नवीन शिकतायत बाई!" मी शिकून म्हातारा झालो होतो, त्याचं कौतुक कुणाला?

परवडतील असे दोनच लेथ होते. एक धुळीने माखलेला, रंगाचे पोपडे निघालेला. दुसरा हिरव्यागार रंगात नटूनथटून उभा. हत्यार धरून पुढेमागे सरकते ती कॅरेज मी आधी धुळकट लेथवर तपासली. काम धरणाऱ्या चकजवळ तिचे स्क्रू आवळले आणि तिला दुसऱ्या टोकाला नेलं. सरसर गेली. ज्या बेडवरून ती सरकत होती तो अजून शाबूत होता. हिरव्या लेथची मात्र अर्ध्या वाटेत अडली. म्हणजे चकजवळ बेड झिजलेला; तिथे बेताने आवळलेली कॅरेज पुढच्या शाबूत भागावर घट्ट बसत होती.

"जड जातंय का हो?" साडूंनी विचारलं.

"ग्रीस घट्ट झालंय," मी म्हणालो. "हिरवाच घ्या. दिसायलाही बरा आहे."

उगाच सारवासारव करत नाही. चांगला लेथ त्यांच्या हाती पडू नये, एवढंच मला हवं होतं.

साडूंनी त्या हिरव्या लेथवर जीव लावला. नवा चक आणला, हत्यार पकडायला नवा टूलपोस्ट आणला, मोटर बदलली. मी जाऊन सगळं बसवून द्यायचो, चहा प्यायचो आणि गप्प घरी यायचो. सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. "लेथ तुम्ही घेऊन जा."

त्यांच्या गॅरेजमध्ये बाकावर त्यांनी लेथवर कातलेले नऊ लोखंडी दांडे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर तारीख, आणि खाली 'हात चुकला'.

"बघा, प्रत्येक दांडा चकच्या बाजूला जाड होतो," साडू म्हणाले. "कितीही जपून चालवा, तेच. माझ्या हातातच खोट आहे. तुमच्यासारख्याकडे शोभेल हा. तसाच न्या."

आयुष्यभर हवी असलेली वस्तू आयती पदरात पडत होती. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. मी एक दांडा उचलला. वरून बोट फिरवलं तर काप इतका सफाईदार, की पहिल्या दोन वर्षांत मलाही तसा जमला नव्हता. तेव्हासुद्धा माझा जळफळाट झालाच, खोटं कशाला बोलू?

मी त्यांचा हात धरला आणि बोट चकखाली बेडवर टेकवलं. "इथून मागे न्या."

बोट जरासं सरकलं आणि एका बारीक पायरीवर अडखळलं.

"हात चांगलाय तुमचा," मी म्हणालो. "बेड झिजलाय."

साडू पुन्हा पुन्हा त्या जागेवरून बोट फिरवत राहिले. "हे त्या दिवशीही होतं?"

"होतं."

"मग ते ग्रीस..."

"ग्रीस नव्हतं," मी म्हणालो.

साडू बाकाकडे वळले. त्यांनी पहिल्या दांड्याची गाठ सोडून चिठ्ठी काढली. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. घाई अजिबात नव्हती. नऊही चिठ्ठ्या नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या, आणि फडकं घेऊन दांडे पुसायला बसले.