पूल पडला तेव्हा आपण कुठे होता?

मी साहेबांच्या टेबलावर शाईची बाटली उपडी केली. तसं काही घडलंच नाही, असं नंतर सर्वानुमते ठरलं. तेव्हा मीही तेच म्हणतो. टेबल आधीपासूनच निळं होतं.

झालं एवढंच, की पूल पडल्याला वर्ष झालं म्हणून कार्यालयात छापील फॉर्म आले: 'पूल पडला तेव्हा आपण कुठे होता?' उत्तराला दोन ओळी. स्मरणिका निघणार होती. एकशे बारा माणसं गेली ते अख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आता देशानं ते कुठे बसून पाहिलं, तेही छापायचं होतं.

सगळ्यांना चेव चढला. टायपिस्टबाईंच्या हातातून म्हणे त्याच क्षणी कप निसटला होता. हेडक्लार्क पुलावरून दहा मिनिटं आधी गेले होते. चहापर्यंत त्याची दोन मिनिटं झाली. सुट्टी होईतो ते जवळजवळ वारलेच होते.

मी खरं ते लिहिलं. 'आवक टेबलावर. खांबाला तडा गेल्याचं पुलाच्या पहारेकऱ्याचं चौथं पत्र परत पाठवत होतो.'

चार बोटं समास सोडला नसेल तर आमच्याकडे पत्र घेत नाहीत. त्याच्या पहिल्या तीन पत्रांत समासच नव्हता. चौथ्यात बिचाऱ्यानं सोडला, पण उजवीकडे. 'डावीकडे हवा' हा शेरा साहेबांनी सांगितला, मी सुवाच्य अक्षरात लिहिला. त्याच वेळी माझी ताई दोन दहाच्या बसमध्ये होती, आणि बस पुलावर.

साहेबांनी माझं उत्तर खोडून लिहिलं, 'बहिणीच्या काळजीनं व्याकूळ होतो.' मी म्हटलं, व्याकूळ कसला, मी बोटं मोजत होतो.

"अरे, तुझी बहीण गेली म्हणून तुला पहिलं पान दिलंय," साहेब म्हणाले. "समासाचं काय घेऊन बसलास?"

"मी नाही साहेब. तुम्ही बसला होतात."

मग ते शाईचं घडलं नाही. हेडक्लार्क न घडलेलं फडक्यानं पुसत राहिले. माझा फॉर्म बाद झाला. नवा हवा असेल तर रीतसर अर्ज कर, साहेब म्हणाले. केला. डावीकडे चार बोटं सोडून.

'महोदय, पहारेकऱ्याचे चौथे पत्र स्वीकारून त्यावर कार्यवाही होईपर्यंत पूल पडण्यास स्थगिती देण्यात यावी, व दोन दहाची बस तोवर अलीकडच्या थांब्यावर उभी ठेवण्यात यावी, ही विनंती.'