गुणवंत नावाचा माणूस

देवळाच्या कुलपात किल्ली फिरवताना नाथाजी मास्तरांना तानुबाईच्या पत्रातली ओळ आठवली आणि हात थांबला. ‘तुमच्या दाखल्यावरचा गुणवंत कोन? आमच्यात आसा कुनी न्हाई.’ पत्र येऊन चौदा महिने झाले होते. उत्तर गेलं नव्हतं.

“आवं मास्तर, कुलपाशी कशाला झटताय? मागली भित पडलीया. माझी मेंढरं तिकडनंच आत-भाईर करत्यात.”

ओसरीत बसलेला धुळा धनगर हसत होता. मास्तर ओशाळले. वळसा घालून, पडक्या दगडांवरून ते देवळात शिरले.

मिशनचं हे देऊळ नव्वद वर्षांचं. एके काळी कडेगावच्या आसपासची सगळी ख्रिस्ती मंडळी रविवारी इथं जमायची. मग कोणी पलटणीत गेलं, कोणी माधवनगरच्या गिरणीत. पाळकसाहेबांची बदली झाली, दुसरे आले नाहीत. लिहिण्यावाचण्याचं काम पाहणाऱ्या मास्तरांकडे किल्ली तेवढी राहिली. पहिलं कौल सरकलं तेव्हा शाकारणाऱ्याला एक हाक मारायची होती. पण कुणाला काम सांगायचं म्हटलं की मास्तरांची जीभ जड व्हायची. उद्या सांगू म्हणता म्हणता तीन पावसाळे गेले.

बाकांवर लेंड्या पडल्या होत्या. वेदीमागची खोली ओलीनं काळी पडली होती. सागवानी पेटीसमोर बसताना, वाळवीनं वही खाल्लेली असू दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचारानंच त्यांची कानशिलं तापली.

वही कोरडी होती. पान सहज सापडलं. ‘वर : गुणवंत सिद्धराम रणपिसे. वधू : तनुजा.’ अक्षर कसं, मोत्यासारखं.

त्या दिवशी नवऱ्यानं आपलं नाव गुंडा सांगितलं होतं, बापाचं सिद्धू. पुस्तकांत गुंडा म्हणजे मवाली. देवाच्या वहीत असलं नाव कसं लिहायचं? मास्तरांनी ते शुद्ध केलं. नवरीच्या तानुबाईचंही केलं. अंगठा उठवताना गुंडानं विचारलं होतं, “काय लिवलं, मास्तर?”

“तुझंच नाव.”

पलटणीत तो गुंडा सिद्धू म्हणूनच भरती झाला आणि इटलीत लढाईत पडला. तानुबाईनं पेन्शनीसाठी लग्नाचा दाखला दिला, तो परत आला. दाखल्यावरचा नवरा वेगळा, बायकोही वेगळी. तिनं पत्रात लिहवून घेतलं होतं, ‘हापिसात म्हनत्यात तू गुंडाची बायकू न्हवंच. मंग पाच वर्सं मी कुनाची व्हते?’

मास्तरांच्या खिशात बोरू तासायचा चाकू होता. अक्षरं खरवडून नवी लिहिता आली असती. कोण बघणार होतं?

“काय वाचताय एवढं?” धुळा भगदाडातून आत आला.

“एका लग्नाची नोंद. गुणवंत रणपिसे.”

“ह्यो कोन?”

मास्तर खाली मान घालून म्हणाले, “गुंडा.”

“गुंडा! आरं तिच्या! त्येच्या वरातीत मी ढोल बडवलाय. तानुबाईच्या मामानं मला पटका बांधला व्हता.” मग तो थबकला. “त्येचं नाव कुनी बदाललं?”

“मी.”

धुळानं वहीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. “त्याला इचारलं व्हतं?”

“नाही. त्यापायी तानुबाईची पेन्शन अडलीय.” चाकू खिशातच राहिला.

“तर मग तसं लिवून टाका की,” धुळा म्हणाला. “माझा बी अंगठा घ्या. लगीन म्या बघितलंय.”

गेल्या चौदा महिन्यांत मास्तरांनी उत्तराचे सात खर्डे केले होते. प्रत्येकात त्यांना व्याकरणाची काहीतरी चूक सापडली होती, आणि प्रत्येक फाडताना थोडं हलकं वाटलं होतं. आज तिथंच, मेंढरांच्या वासात, बाकावर कागद ठेवून त्यांनी तानुबाईला, कचेरीत दाखवता येईल असं, लिहिलं :

‘गुणवंत नावाचा माणूस कधी नव्हता. तो मी लिहिला. लग्न झालं ते गुंडा आणि तानुबाईचं. वहीवरचा अंगठा पलटणीतल्या अंगठ्याशी ताडून पाहावा. बोलावतील तिथं वही घेऊन मी येईन. उशिराला क्षमा नाही, हे मला कळतं.’

“माझं काय लिवणार? धवलकीर्ती?” शाईत अंगठा बुडवत धुळानं विचारलं.

मास्तरांनी लिहिलं, धुळा.

शाई वाळेपर्यंत त्यांनी वहीची पानं उलटली. साळूबाईच्या जागी शालिनी. आप्पासोच्या जागी अपूर्व. पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर, तेच देखणं अक्षर. इतकी वर्षं या देवळात कोण येत होतं, ते वहीत कुठंच नव्हतं. त्यांनी वही पिशवीत घातली.

कडेगावच्या पोस्टात बाळासो पोस्टमास्तरांनी तिकीट लावून पाकीट परत दिलं.

“मास्तर, किती वर्सांनी आलासा! एकच पत्र?”

“आज एकच,” मास्तर म्हणाले, आणि बाहेर येऊन त्यांनी ते पेटीत सोडलं.