माझ्या निळ्या धुराची गोष्ट

मी एक पिकअप बोलतेय, चौदा वर्षांची. सध्या सांगलीत आकाराम मिस्त्रींच्या गॅरेजात बॉनेट उघडून उभी आहे. मला काय झालंय, हे माझं मलाच नीट कळत नाही.

माझा मालक अजमल. त्यानं मला लोणंदच्या एका कांदा व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली. नंतरची नऊ वर्षं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाली आणि सांगलीचा गूळ वर, एवढंच माझं जग. सोबतीला त्याचा धाकटा भाऊ राहील. सातवीत शाळा सोडलेला, डोकं पटकन तापणारा, पण माझी काच पुसताना हात हलका ठेवणारा.

दोन महिन्यांपूर्वी अजमल गेला. सकाळी नमाजाआधी वजूला हातपाय धुताना छातीत कळ आली आणि तो तिथंच बसला, उठलाच नाही. चाळिसाव्या दिवसाची फातिहा होईपर्यंत राहीलनं मला हात लावला नाही. नंतर चावी फिरवली, तर मी निळा धूर सोडला. पसरणी घाटात रिकामी असूनही माझा दम गेला. त्यानं आधी स्टिअरिंगवर मूठ मारली, मग त्याच जागी तळवा ठेवला.

"नाना, माझ्यामुळं झालं ह्ये," तो मिस्त्रींना म्हणाला. "चाळीस दिस उभी ठिवली मी."

"उभी राहून बॅटरी बसती रं. निळा धूर न्हाई येत. आत ऑइल जळतंय हिच्या."

मिस्त्रींनी मला सुरू केलं. ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. ते नाचायला लागलं. मी थांबवायला बघत होते, पण खालून येणारा वारा माझ्या हातात नव्हता.

"बघ, पिस्टनच्या रिंगा गेल्यात." मग त्यांनी एकेका सिलिंडरला दाब मोजायचं मीटर लावलं. तिसऱ्यावर काटा निम्म्यातच थांबला. "दोन-तीन वरसांची झीज हाय ही. मधनंमधनं ऑइल टाकायचा का अजमल?"

"कवाच न्हाई. मी कायम संगंच असायचो की."

मिस्त्रींनी सीटच्या मागं हात घातला आणि ऑइलचे तीन डबे बाहेर काढले. दोन रिकामे, एक अर्धा. "जाडं ऑइल. ह्यानं आवाज दबतो."

राहीलचा चेहरा उतरला. "नाना, गेलेल्या माणसाला नाव ठिवू नका."

"नाव कशाला ठिवू? लय जपून चालवलीय त्यानं. दुसऱ्याच्या हातात कवाच बसली असती."

मला सगळं ठाऊक होतं. वाईला थांबलो की अजमल म्हणायचा, "राहील, दोन चहा घिऊन ये, आलं टाकून." भाऊ वळला की बॉनेट उघडायचा, ऑइल ओतायचा, फडक्यानं पुसायचा. मग सीटवर येऊन छाती चोळत बसायचा. चहा येईपर्यंत माझंही झाकलेलं असायचं आणि त्याचंही. पोराला काळजी नको म्हणून लपवत होता, की त्याला स्वतःलाच बघायचं नव्हतं? कधी मला हे खरं वाटतं, कधी ते.

राहील अर्धा डबा मांडीवर घेऊन माझ्या सीटवर बसला. "छातीचंबी न्हाई सांगितलं, हिचंबी न्हाई," तो मलाच म्हणाला. "मी काय परका हुतो?"

"हाफ इंजिन करावं लागंल, हेड काढून रिंगा बदलायच्या," मिस्त्री म्हणाले. "उघडू, का अशीच विकतोस?"

"विका. भंगारात घाला." मिस्त्री बॉनेट खाली घेऊ लागले, तसा तो खाली उतरला. "थांबा, नाना. उघडा. पर मी हितनं हलणार न्हाई."

"मग पाना धर. नुसता उभा राहून काय करतोस?"

राहील, आता माझं हेड, इंजिनाचं वरचं झाकण, निघेल. तिसऱ्या सिलिंडरमधून बोट फिरव. चरे लागतील. ते घाटांनी पाडलेत, वर्षांनी पाडलेत. तुझ्या चाळीस दिवसांचा त्यात एकही नाही. तेवढं तुझ्या बोटाला कळलं तरी मला पुरे. तुझा भाई का बोलला नाही, ते मात्र माझ्या आत शोधू नकोस. तिथं ते नाही. मीही शोधून पाहिलंय.