नाव जुनंच ठेवलं

क्लॉडेट दिवसभर परक्या देशातल्या लोकांना फोनवरून नेट दुरुस्त करून द्यायची, आणि तिच्या स्वतःच्या घरात नेट धड चालत नव्हतं. यावर घरातल्या सगळ्यांचे विनोद करून झाले होते. "आमच्या डॉक्टरीणबाई स्वतः खोकत दुसऱ्याला औषध सांगतात," असं मास सेसिल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मास सेसिल म्हणजे व्हरांड्यालगतच्या खोलीतले भाडेकरू, जन्मभर बस चालवलेले, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. क्लॉडेटला हसू येत नव्हतं. ग्राहकाशी बोलता बोलता तिची लाइन सारखी तुटायची, आणि पुन्हा तक्रार आली तर घरून काम बंद, असं सुपरवायझरनं सुनावलं होतं.

दोष घराचा होता. पोर्ट मरियाच्या टेकडीवरचं हे घर मालकानं इंग्लंडात राहून बांधलं, जसा पैसा येईल तशी एकेक खोली वाढवत. प्रत्येक खोली सिमेंटच्या ठोकळ्यांची, आत लोखंडी सळया. छप्पर उडालं तर उडो, भिंत हलता कामा नये. आता जी भिंत वादळाला दाद देत नाही ती वाय-फायला कशाला देते? राउटर होता पुढे, व्हरांड्याच्या खिडकीत. मधलं स्वयंपाकघर सगळ्यांचं, तिथे नेट कसंबसं यायचं. त्यापलीकडे क्लॉडेटची खोली, तिथे मर्जी असेल तर. आणि समुद्राच्या बाजूच्या शेवटच्या खोलीत, जिथे तिची सासू मिस एस्मी राहायची, तिथे कधीच नाही.

रविवारी भात आणि वाटाणे चुलीवर असताना स्वयंपाकघरात बैठक भरली. मास सेसिलना एकच मोठा राउटर हवा होता, भरपूर शिंगांचा, दुकानाच्या काचेत पाहिलेला.

"शिंगं मोजून बैल घेतात, मास सेसिल," क्लॉडेट म्हणाली. "भिंत तीच राहणार. कितीही शिंगं लावा, तिथेच डोकं आपटेल."

"मग तो बूस्टर घेऊ. स्वस्त असतो," टॅमिका म्हणाली. टॅमिका, दुसरी भाडेकरू, पुढच्या खोलीत बायकांचे केस विंचरून वेण्या घालून द्यायची. गिऱ्हाईक तासन्‌तास बसायचं, आणि नेट नसेल तर कुरकुरायचं.

"बूस्टर अर्धा जोर खातो, आणि त्याचं नाव वेगळं. खोली बदलली की नाव बदला. तू करशील?"

क्लॉडेटनं आधीच ठरवलं होतं. राउटरसारखे चार छोटे डबे घ्यायचे: व्हरांड्यात एक, स्वयंपाकघरात एक, तिच्या खोलीत एक, मिस एस्मींच्या खोलीत एक. चारही डबे एकमेकांना वायरनं जोडायचे आणि सगळ्यांचं नाव एकच. माणूस फोन घेऊन घरभर फिरला तरी एक डबा त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवतो, लाइन तुटत नाही.

"आणि पासवर्ड? सगळ्यांनी पुन्हा टाकायचा?" मास सेसिलना आपल्या टीव्हीत पासवर्ड टाकायला मागच्या खेपेस अख्खा दिवस लागला होता.

"नको. नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवू. तुमच्या फोनला कळणारसुद्धा नाही की काही बदललंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं तर तिथेच कुणीतरी बोलायला हवं होतं. पण त्या घरात शहाणी माणसं चार आणि चौघांना एकच घाई, नेट लवकर सुरू होण्याची.

जुनं नाव होतं 'सिल्व्हर जॅक'. क्लॉडेटच्या नवऱ्यानं, लिनव्हलनं, ते आपल्या होडीवरून ठेवलं होतं. पावसाळ्याच्या तोंडी ती होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. लिनव्हलचं प्रेत नंतर सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवलेला त्याचा फोन सापडलाच नाही.

सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. नऊ रात्री लोक अंगणात बसले, भजनं झाली, तळलेले मासे आणि पांढरी रम झाली, डॉमिनो आपटले गेले. नवव्या रात्री त्याची खोली उलटीपालटी केली. पलंगाचं डोकं पायाकडे, कपाट या भिंतीचं त्या भिंतीला, आरसा फिरवून, दारावर खडूची फुली. मेलेला माणूस सवयीनं परत येतो, डोकावतो, ही आपली खोली नव्हे असं समजून निघून जातो. म्हणून करतात. पलंगाचा एक पाय स्वतः क्लॉडेटनं धरला होता. त्या रात्रीपासून तिला स्वतःलाच त्या खोलीत नीट झोप लागत नव्हती.

त्या खोलीतली वस्तू न्‌ वस्तू त्यांनी फिरवली. त्यानं ठेवलेलं नाव मात्र तसंच हवेत राहिलं.

डबे बसवल्यावर नेट खरोखर गुळगुळीत चाललं. टॅमिकानं क्लॉडेटच्या केसांना फुकट तेल लावून दिलं. मास सेसिलनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, मासेमारीच्या होड्या परततात त्या वेळेला, क्लॉडेट दोन ग्राहकांच्या मधल्या फुरसतीत फोनवर डब्यांची यादी बघत होती. कुठल्या डब्याला कुणाचा फोन जोडलाय ते तिथे दिसायचं. व्हरांड्याच्या डब्याखाली मास सेसिलचा टीव्ही, टॅमिकाचा फोन, आणि तिसरं नाव: 'कॅप्टन लिनव्हल'.

फोनचं स्वतःचं असं नाव असतं. हे त्याचं त्यानं घातलं होतं, हसत हसत, याच पलंगावर बसून.

जुनी नोंद उरली असेल, ती स्वतःला म्हणाली. ग्राहकांना ती असंच काहीबाही सांगून गप्प करायची. पण डबे नवे होते, त्यांच्यात जुनं काही असायचं कारण नव्हतं. ती बघत असतानाच नाव व्हरांड्यातून गेलं आणि स्वयंपाकघराच्या डब्याखाली आलं. तिनं कानावरचा हेडफोन काढला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, नळ थेंब थेंब गळत होता. आता पाळी तिच्या खोलीच्या डब्याची. ती दाराकडे बघत राहिली. दार उघडंच होतं. बोळातून ओल्या दोराचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास आला आणि पुढे गेला. नाव तिच्या डब्याला लागलंच नाही. ते थेट मिस एस्मींच्या डब्याखाली जाऊन थांबलं, आणि तिथे सिग्नल पूर्ण भरला.

क्लॉडेट अनवाणी बोळातून गेली. मिस एस्मी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर जेवणाची ताटली, ताटलीतलं सगळं जागच्या जागी. त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवत होत्या.

"कुणाशी बोलताय, मिस एस्मी?"

"तुझं काम सुरू आहे ना? मग ते कर, पोरी," सासू प्रेमानं म्हणाली.

मग क्लॉडेटला सगळं उमगलं. ती खोली कुणी फिरवली नव्हती. नवऱ्याची खोली फिरवतात, आईची कोण फिरवतं? त्या पलंगावर लिनव्हल लहानाचा मोठा झालेला, आणि पलंग अजून तिथेच. आधी मास सेसिल म्हणायचे की व्हरांड्यात संध्याकाळी कुणीतरी पाय ओढत फिरतं. सगळे त्यांना रमची बाटली दाखवायचे. नेट जिथपर्यंत पोचत होतं तिथपर्यंत तो येत होता. आता क्लॉडेटनं स्वतःच्या हातानं त्याची वाट आईच्या उशाशी नेऊन ठेवली होती.

तो रोज यायला लागला. आणि मिस एस्मी रोज थोड्या कमी होऊ लागल्या. ताटली जशी जायची तशी परत यायची. हनुवटी टोकदार झाली, बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली.

यादी टॅमिकाला दिसली तेव्हा मात्र घराचं धाबं दणाणलं. गिऱ्हाइकाची अर्धी वेणी तशीच सोडून ती स्वयंपाकघरात आली. मास सेसिलही आले. त्यांचा तो बसचा आवाज पार खाली गेला होता.

"त्याची डपी, त्याचं भूत, म्हातारीला न्यायला आलीय," ते म्हणाले. "आई घेतल्याशिवाय जायचा नाही तो."

"क्लॉडेट, नाव बदल," टॅमिका म्हणाली. "हात जोडते. एका मिनिटाचं काम आहे, तूच सांगतेस लोकांना."

"बदलते. उद्या सुट्टी आहे, उद्या बदलते."

उद्या झाला, परवा झाला. कामाचं निमित्त संपत नव्हतं. खरं कारण ती कुणाला सांगू शकत नव्हती. तो तिच्या दारावरून जायचा. रोज, हातभर अंतरावरून. नाव बदललं की तेही गेलं. आणि दुसरीही एक गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती, पलंग परत होता तसा लावायची. मग तो आत येईल. आईला सोडून तिच्याकडे येईल. सासूचा तिला हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याची शरमही.

एका दुपारी तिनं कपाट ढकलायला सुरुवात केली. अर्धं सरकलं असेल, तेवढ्यात बोळात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मिस एस्मी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, पायातलं बळ गेल्यासारख्या.

दवाखान्यातल्या नर्सनं तपासलं, काहीच सापडलं नाही. "आजार नाही, बाई जेवत नाहीत," ती क्लॉडेटला बाजूला घेऊन म्हणाली. "असंच चाललं तर नाताळ दिसायचा नाही."

येताना टॅक्सीत मिस एस्मी समुद्राकडे बघत म्हणाल्या, "होडीत जागा आहे म्हणतो. पोटात अन्न असलं की माणूस जड होतो, पोरी."

क्लॉडेटनं त्यांचा हात घट्ट धरला. त्या हातात नुसती हाडं होती. त्या क्षणी तिचं ठरलं.

घरी आल्यावर तिनं सासूला स्वतःच्या खोलीत नेलं, त्या फिरवलेल्या पलंगावर झोपवलं, अर्धवट कपाट पुन्हा त्या भिंतीला लावलं आणि दारावरची पुसट फुली खडूनं गिरवली. मिस एस्मी रडल्या, तिला नाही नाही ते बोलल्या. क्लॉडेटनं ऐकून घेतलं. मग दार ओढून ती शेवटच्या खोलीत गेली आणि मिस एस्मींच्या पलंगाच्या कडेला, त्या बसायच्या तिथेच बसली.

उन्हं उतरली. व्हरांडा. स्वयंपाकघर. बोळात ओल्या दोराचा वास. या वेळी तो तिच्या खोलीच्या दाराशी जरा घुटमळला असावा, कारण नाव मध्येच दिसेनासं झालं. मग ते या डब्याखाली आलं.

समोरची खुर्ची कुरकुरली. खुर्ची रिकामीच होती. खाली फरशीवर पाण्याचा डाग हळूहळू पसरत होता. क्लॉडेटला वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली नाही, तिला नुसतं भरून आलं.

"लिनव्हल," ती म्हणाली, "तुझी खोली आम्ही फिरवली. मी पण हात लावला. तुला वाईट वाटलं असेल." तिनं डोळे पुसले. "आई माझ्याकडे आहे. तिला मी सोडत नाही. मला कधी चांगलं म्हणत नाही, तरी सोडत नाही. तू नेऊ नकोस. मला विचारलं असतंस तर मी आले असते, पण तू विचारलं नाहीस, आणि आता मी येणार नाही."

खुर्ची पुन्हा कुरकुरली. तिच्या गुडघ्यावर काहीतरी गार टेकलं, हाताच्या वजनाचं. तिनं त्याला तसंच राहू दिलं, जितकं धीरानं राहू देता आलं तितकं. मग दुसऱ्या हातानं तिनं 'सिल्व्हर जॅक' खोडलं, आणि त्या जागी डब्याच्या बुडाशी छापलेली निरर्थक अक्षरं आणि आकडे तसेच्या तसे टाकले. पासवर्डही तिथलाच.

यादीतली सगळी नावं एकदम गेली. "नेट गेलं!" व्हरांड्यातून मास सेसिल ओरडले. क्लॉडेट बसून राहिली. गुडघ्यावरचं गार ओझं हलकं झालं, मग नुसता गारवा उरला, मग तोही नाही. थोड्या वेळानं तिनं नवं नाव आणि पासवर्ड ओरडून सांगितला, आणि टॅमिकाचा फोन यादीत परत आला. बऱ्याच वेळानं, तीनदा चुकून, मास सेसिलचा टीव्ही. आणखी कुणी आलं नाही. फरशी तिनं स्वतः पुसली.

आपल्या खोलीत ती गेली तेव्हा मिस एस्मी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आला होता?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"हो."

"आता नाही येणार."

"नाही."

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाल्या, "माझं काही विचारलं?"

लिनव्हलनं काहीच विचारलं नव्हतं. मेलेली माणसं बोलत नाहीत, निदान क्लॉडेटशी तरी तो बोलला नव्हता.

"विचारलं," ती म्हणाली. "आई जेवते का, म्हणाला."

मिस एस्मी वळल्या. "मग काय सांगितलंस?"

"जेवते म्हणून सांगितलं."

"खोटं बोललीस त्याच्याशी."

"हो, मिस एस्मी."

म्हातारीनं पलंगाच्या दांडीला धरून उठायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा क्लॉडेटनं पाठीला हात दिला. बसल्यावर त्यांनी बांगडी मनगटापर्यंत खाली ओढली आणि विस्कटलेले केस कानामागे सारले.

"मक्याची थोडी पेज कर," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी बोललेलं खोटं ठरायला नको."